मिक्स अप

नववी ब. खिडकीबाहेर हर्णैचं बंदर.
फळ्यावर मी लिहिलं, मिक्स अप.
खाली अर्थ : गल्लत करणे, सरमिसळ होणे.
मागच्या बाकावरून ज्ञानदीप दोरकुळकर म्हणाला,
‘सर, म्हंजे घोळ.’

वर्ग खिदळला.
इथे घोळ म्हणजे मासा,
पोटातल्या भोताला सोन्याचा भाव,
एक लागला जाळ्याला की घरावर स्लॅब पडतो.
माझ्या माणदेशात घोळ ही भाजी,
विहिरीच्या कडेला आपोआप येणारी, आंबूस.
आणि आईच्या परकराला होता तोही घोळच.

बरोबर, मी म्हणालो. पण नीट ऐका,
हे क्रियापद एकटं फिरत नाही.
पाठीमागे अप, बोटीमागे बांधलेल्या डिंगीसारखा.
अप म्हणजे वर,
पण इथे काहीच वर जात नाही.
तो सोडून टाकला तर उरतं नुसतं मिक्स :
रवा न् तिखट, पीठ न् पाणी.
त्यात कुणाची चूक नसते.
अप लागला
की कुणीतरी चुकलेलं असतं.

आणखी एक. दोन शब्दांच्या मधे
माणसं घालता येतात : मिक्स देम अप.
नाव असेल तर ते बाहेरही उभं राहतं,
सर्वनामाला मात्र मधेच बसावं लागतं.
का, सर?
नियम आहे.

मग उदाहरणं. हजेरीतले दोन सादिक.
लिलावात बोंबलाच्या टोपलीत गेलेल्या वाकट्या.
गेट मिक्स्ड अप इन, म्हणजे नको त्यात अडकणे;
यावर रुबिना म्हणाली, ‘मामू, एलईडीवाल्यांत’
आणि जीभ चावली.
पाच वाक्यं करून आणा, मी म्हणालो. घंटा झाली.

रात्री वह्या. खाली घरमालकीण
बांगडा रव्यात घोळवत होती, वास जिन्याने वर.
समिधा पावसे. पहिली चार वाक्यं
मीठसाखर, बी आणि डी, असलीच.
पाचवं :
दे मिक्स्ड अप द टू बोट्स.

मला ठाऊक होतं. साऱ्या गावाला ठाऊक होतं.
नारळी पुनवेनंतरच्या वाऱ्यात जयगडहून फोन आला,
‘एकवीराप्रसाद’ बुडाली.
त्या नावाच्या बोटी दोन,
एक हर्णैची, एक पाजपंढरीची.
फोन घेणाऱ्याने हर्णै ऐकलं,
की सांगणाऱ्यानेच हर्णै म्हटलं,
अजून वाद आहे.

समिधाच्या आईजवळ रात्रभर
पाजेची एक बाई बसून होती, हात हातात धरून,
गे बाय, गे बाय, करत.
फटफटलं तेव्हा बंदरात बोट शिरली.
नाव तेच. रंग निळा.
पाजेच्या बाईने नुसतं पाहिलं,
‘ही आमची नाय’ म्हणाली.
हात आधी कुणी सोडायचा
ते दोघींनाही कळेना.

व्याकरण बरोबर होतं. लाल पेनाने टिक केली.
समासात लिहिलं, ‘दे म्हणजे कोण?’
मग खोडलं. खोडलेलं दिसत होतं,
म्हणून आणखी खोडलं.
झोप आली नाही. मनात घोळत राहिलं,
हा त्या शब्दाचा अजून एक अर्थ,
वर्गात सांगायचा राहिलेला.

सकाळी वह्या वाटल्या. घाईत. हेडसरांचा निरोप आला होता.
समिधाची वही गेली तिच्या शेजारी बसणाऱ्या
वेदिका चोगलेकडे. राहणार पाजपंढरी.

मला दिसलं तोवर तिने उघडली होती.
शेवटच्या ओळीपर्यंत वाचली,
त्या लाल खोडलेल्यावर
बोट ठेवून थोडी थांबली.
मग मिटली, कव्हरावरचं नाव पाहिलं,
आणि उभी राहिली.

‘सर, ही माझी नाही.’